टर्बोच्या तोंडावरचं सील

ताउनोच्या मनात पाल चुकचुकली ती रौतिओच्या एका वाक्याने.

"काय रे ताउनो, पोरीच्या गाडीला दोन नाकं बसवलीस का?" सॉसेजवर मोहरीची चटणी थापता थापता रौतिओने विचारलं. मोटारींची रॅली संपली होती, त्याची मुलगी हेन्रीका तिच्या गटात पहिली आली होती आणि दुरुस्तीच्या तळावर सगळे चिखलात उभे राहून खात होते. रौतिओ पेतायावेसी गावातला दुसरा एंजिनवाला, ताउनोचा तीस वर्षांचा प्रतिस्पर्धी. ऐकणारे हसले. सगळ्यांत मोठ्याने हेन्रीका हसली. ताउनोही हसला, पण घरी पोचेपर्यंत त्याचं हसू आंबलं होतं.

कारण रौतिओ तोंडाचा फाटका असला तरी कानाचा पक्का होता. आणि त्याने म्हटलं ते ताउनोला स्वतःलाही वाटलं होतं, फक्त त्याने ते मनातल्या मनात दाबून टाकलं होतं. शेवटच्या सरळ रस्त्यावर, दोन्ही बाजूंच्या बर्चच्या झाडांमधून गाडी जशी सुटली, तशी ती सुटायला नको होती. एंजिन ताउनोने स्वतःच्या हाताने बांधलं होतं. दट्टे त्याने तोलले होते, झडपा त्याने घासल्या होत्या, ताकद मोजायच्या रुळांवर गाडी चढवून शेवटचा आकडाही त्यानेच पाहिला होता. बाईला आपल्या भाकरीचं वजन कळतं, तसं त्याला या एंजिनाचं बळ ठाऊक होतं. मग हे वरचं बळ कुठून आलं?

टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो एंजिनाच्या घशात हवा कोंबतो. जितकी हवा, तितकं पेट्रोल जळतं, तितकी ताकद. म्हणून नियम असा की टर्बोच्या तोंडाशी चौतीस मिलिमीटरची कडी हवीच, आणि सगळी हवा त्या कडीतूनच आत गेली पाहिजे. हंगामाच्या सुरुवातीला परीक्षक कडी मोजतात, तिच्याभोवती तार ओवतात आणि तारेच्या गाठीवर शिशाची गोळी दाबून आपला शिक्का उमटवतात. ते सील वर्षभर तसंच राहायला हवं. परीक्षकाच्या गैरहजेरीत कुणी तोडलं, तर वर्षभराचे गुण गेले. पण लबाडाला कडीशी मतलबच नसतो. कडीच्या मागे, पाइपाच्या अंगाला एक बारीकसं चोरभोक पाडलं की काम झालं. हेच रौतिओचं दुसरं नाक.

आणि वर्षभराचे गुण म्हणजे हेन्रीकासाठी थोडीथोडकी गोष्ट नव्हती. गटात ती पहिली होती, एक रॅली उरली होती, आणि गटाच्या विजेत्याला पुढच्या वर्षी एका मोठ्या संघाची गाडी मिळणार होती. पोरगी चौतिशीची झालेली. दिवसभर टपालाची गाडी हाकायची आणि उरलेल्या वेळात ही. पुन्हा अशी संधी येणार नाही, हे ती बोलत नसे, पण घरातल्या मांजरालासुद्धा ते माहीत होतं.

ताउनोने संशयाला जागा दिली, आणि संशय पाहुण्यासारखा राहत नाही, तो घरजावयासारखा पाय पसरतो. इथे तर खरा जावईच होता. सांपा, हेन्रीकाचा नवरा. शर्यतीत तिच्या शेजारी बसून वळणं वाचून दाखवायचा आणि एरवी लॅपटॉप लावून एंजिन सुरात आणायचा: ठिणगी कधी पडावी, पेट्रोल किती सुटावं. ताउनोने लोखंड घडवायचं आणि सांपाने त्याला अक्कल द्यायची, अशी वाटणी. ही वाटणी ताउनोला कधीच पटली नव्हती.

आता त्याला एकेक दिसायला लागलं. आपण कारखान्यात शिरलो की सांपा लॅपटॉप मिटतो. का? टर्बोच्या मागची रबरी नळी नवी कोरी दिसते. जुनीला काय धाड भरली होती? परवा नवरा-बायको गाडीखाली पडून कुजबुजत होते आणि ताउनोच्या बुटांचा आवाज येताच गप्प झाले. कॉफी पिताना सांपा हसला, तर त्याला वाटे, हसतोय कशाला? नाही हसला, तर वाटे, याच्या मनात काहीतरी आहे. ज्याला कावीळ होते त्याला जग पिवळं दिसतं, आणि ताउनोला तर आपले डोळे एकदम निरोगी वाटत होते.

"जावईबापू, एंजिन जरा जास्तच मोकळा श्वास घेतंय का?" एकदा त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"तुमच्याच हातचं आहे ना, बाबा!" सांपा म्हणाला आणि बशीतली खारी पोळी उचलून बाहेर गेला.

हे काय उत्तर झालं?

शेवटच्या रॅलीच्या आदल्या दिवशी हेन्रीका आणि सांपा घरच्या जुन्या गाडीतून रस्ता पाहायला आणि वळणं टिपून घ्यायला गेले. संध्याकाळी तपासणी. शर्यतीची गाडी कारखान्यात उभी होती आणि ताउनो तिच्याबरोबर एकटा होता.

त्याने आधी शहाण्यासारखं केलं. हवेच्या गाळणीचा पाइप काढला, एंजिन सुरू केलं आणि कडीच्या तोंडात रबरी बूच दाबलं. परीक्षकही हेच करतात. हवा सगळी कडीतूनच जात असेल, तर एंजिन तिथल्या तिथे मरतं. दुसरीकडे कुठे भोक असेल, तर ते दम्याच्या रोग्यासारखं घरघरत राहतं. एंजिन तिथल्या तिथे मेलं.

माणसाने इथे हात धुवावेत आणि कॉफी ठेवावी. ताउनोने पुन्हा एंजिन सुरू केलं, पुन्हा बूच दाबलं. पुन्हा मेलं. तेव्हा त्याच्या मनात आलं की सांपा हुशार आहे. एवढं हुशार पोरगं परीक्षकाच्या बुचाला सापडेल असं भोक कशाला पाडेल? त्याने झाकण बसवलं असेल, फक्त पूर्ण वेगातच उघडणारं. म्हणजे एंजिन मेलं, हाच पुरावा! निर्दोष असण्यालाच पुरावा मानायची पाळी आली, म्हणजे माणूस किती खोल गेला ते बघा.

परीक्षक आउने होक्कानेनला फोन करून बोलावता आलं असतं. तिच्यासमोर उघडलं, तर नियमात बसतं. पण तिला बोलवायचं म्हणजे आपल्याच पोरीवर बोट दाखवायचं, आणि काही निघालं तर सगळंच संपलं. त्यापेक्षा आपणच गुपचूप बघू, निघालं तर गुपचूप बुजवू, सांपाचे कान उपटू. पोरीला कळणारही नाही. असा सगळा हिशेब करून त्याने पक्कड घेतली आणि तार कापली.

शिशाची गोळी टपकन फरशीवर पडली.

मग त्याने टर्बोचं तोंड उतरवलं. बोल्टांवर त्यानेच वसंतात ओढलेली निळी रेघ अखंड होती. ती आत्ता त्याच्या पान्याने तुटली. कुणी हात लावलेला नाही हे तिथेच कळायला हवं होतं. चौतीसहून केसभर जाड सळई त्याने कडीत घालून पाहिली. गेली नाही. पाइपाच्या आतून दिवा धरला, नखाने सगळा घेर चाचपला. एक तोंड बंद करून त्यात रॉकेल ओतलं आणि बाहेरून कोरडा कागद फिरवला. कागद कोरडाच राहिला. सगळं त्याने घडवलं होतं तसं होतं. स्वच्छ, नेमकं, सुंदर.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

त्याने भराभर सगळं पुन्हा जोडलं. कापलेली तार जवळ आणली, गोळी हातात घेतली. जरा गरम करून, जरा दाबून ती जोडता आली असती. याहून नाजूक कामं त्याने डोळे मिटून केली होती. तारेला पीळ देत असतानाच गाडी अंगणात आली.

हेन्रीकाला काही सांगावं लागलं नाही. तिने पक्कड पाहिली, गोळी पाहिली, मग बापाकडे पाहिलं.

"आत काही नाही," ताउनो म्हणाला. "एकदम स्वच्छ आहे."

"ते मला माहीत आहे, बाबा."

सांपाचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. "अहो, मला विचारायचं तरी!"

"विचारू काय? मी आलो की लॅपटॉप मिटतोस!"

"मिटणार नाही तर काय करणार? दरवेळी तुम्ही विचारता, 'झालं का खेळून?' म्हणून."

"मग ही ताकद आली कुठून?"

"ताकद तेवढीच आहे! गिअरबॉक्समधलं शेवटचं चाक बदललंय आम्ही. दात वेगळे, म्हणून जोरात सुटते, एवढंच. नियमात बसतं. तुम्हाला जेवताना सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, गिअरबॉक्स हे काही एंजिनवाल्याचं काम नाही, मला सांगू नकोस."

म्हणाला होता खरा. एंजिनवाल्याला सगळं एंजिनातच दिसतं.

"मी जोडून देतो," ताउनो घाईघाईने म्हणाला. "असं जोडतो, की कुणाच्या बापाला कळणार नाही."

"माझ्या बापाला तर कळलंय ना," हेन्रीका म्हणाली. "ठेव ते खाली. आज सकाळपर्यंत ही गाडी खरी होती. आता तू तिला खोटी करू नकोस."

"पोरी, तुझ्यावर नव्हता गं संशय. मला वाटलं, हा सांपा..."

"गाडी कोण चालवतं?" तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "एंजिन चोरून हवा घेत असतं, तर पहिल्या चढावर मला कळलं असतं. हे तुला माहीत आहे. तूच शिकवलंयस मला. म्हणजे तू मला चोर समजलास, बाबा. नवऱ्याचं फक्त नाव घेतलंस."

ते खरंच होतं, आणि ते ताउनोला आत्ता, तिच्या तोंडून कळत होतं.

संध्याकाळी तपासणीला त्यानेच गोळी आणि तार आउने होक्कानेनच्या हातावर ठेवली. तिने चष्मा लावून सगळं मोजलं, बूच दाबलं, पाइप तपासले. रांगेतले लोक माना उंचावून बघत होते.

"सगळं नियमात आहे," ती म्हणाली. "मग उघडलंस कशाला?"

तेल गळत होतं, असं म्हणता आलं असतं. ताउनो म्हणाला, "मला वाटलं, पोरं लबाडी करतायत."

आउनेने चष्मा काढला. "ताउनो, एंजिन तुझ्या हातचं, माणसं तुझ्या घरची. तुझाच भरवसा नव्हता, तर मी कशाच्या जोरावर ठेवू? आज स्वच्छ आहे. महिन्यापूर्वी स्वच्छ होतं, हे सांगणारी ही गोळी होती, आणि ती तू तोडलीस."

गुण गेले. धावायचं तर निकालाबाहेर धावा, म्हणाली. हेन्रीका म्हणाली, धावते.

आणि धावली. दुसऱ्या दिवशी जंगलातल्या त्या खडीच्या रस्त्यांवर तिने अशी गाडी हाणली, की ताउनोने उभ्या आयुष्यात पाहिली नव्हती. चढावर पाय काढला नाही, वळणावर दम खाल्ला नाही. प्रत्येक टप्प्यात ती सगळ्यांच्या पुढे होती आणि फळ्यावर तिचं नाव नव्हतं. जितकी ती पुढे गेली, तितक्या लोकांच्या माना एकमेकांकडे वळल्या. सील तुटलेली गाडी ना ती? मग धावणारच. महिनाभर जे एकट्या ताउनोच्या मनात होतं, ते आता अख्ख्या तालुक्याच्या मनात होतं.

दोरीच्या कडेला उभा असलेला एक अनोळखी म्हातारा शेजाऱ्याला तेच सांगत होता. ताउनोला राहवलं नाही.

"आत काही नाही हो," तो म्हणाला. "मी स्वतः उघडून पाहिलंय. एकदम स्वच्छ एंजिन आहे."

"तुम्ही कोण?"

"तिचा बाप."

म्हातारा समजूतदारपणे हसला आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "मग बरोबर आहे. बाप दुसरं काय म्हणणार?"