कंदुरीचा एडका

"याला न्हाई न्यायचं," एडक्याचं शिंग धरून कासाबाई मेंढवाड्याच्या तोंडाशी उभी राहिली. "याला यंदा मेंढ्यात सोडायचंय."

तिचा नवरा मल्हारी दोर घेऊन आला होता. दोन लेकरं गेल्यावर झालेली मनकर्णा जगली, तर कळपातला सगळ्यात थोर एडका कापून बिरोबाची कंदुरी करीन, असा नवस तोच बोलला होता. पोर जगली, आता अंगणात बागडत होती.

बायकोच्या डोक्यात हे खूळ ग्रामसेवक बन्सीधरनं घातलं होतं. राणीसावरगावात तो नवाच आलेला. देश गरीब का राहतो, हे तो चावडीपुढं तळमळून सांगायचा. माणसं माना डोलवायची आणि घरी जेवायला जायची. कासाबाईनं मात्र एक गोष्ट उचलली होती. चांगलं बी विकून पोचट पेरलं, तर पीक कुठून येणार? तिला आपला कळप दिसला. थोर एडके देवाला, नाहीतर खाटकाला. वीण सगळी उरलेल्या खुरट्यांची. सासऱ्याच्या काळी मेंढरं कमरेला लागायची म्हणे. आता ती गुडघ्याच्या जरा वर येत.

"देव दील की फुडं," मल्हारी म्हणाला.

"कशातून दील? चांगलं समदं आपुन देऊन बसलाव. त्याला म्हना, जरा दम धर. याचंच पोरगं देताव, याच्यापरीस थोर."

"अन् पोरीला काई झालं म्हंजे?"

कासाबाईनं शिंग सोडलं नाही. मल्हारी मुळात गरीब स्वभावाचा. तो दोर घेऊन माघारी गेला.

आठवडाभरात मनकर्णा तापानं फणफणली. बन्सीधर स्वतः गोळ्या घेऊन आला.

"हिवताप आहे, बाई. गोळ्यांनी उतरेल. एडक्याचा याच्याशी काही संबंध नाही, तो ठेवा."

तो खरं तेच सांगत होता. कासाबाईलाही ते पटत होतं. तिनं पोरीला गोळी चारली, पदर खोचला आणि एडका कंदुरीसाठी मल्हारीच्या हवाली करायला निघाली.

"अहो, पटलं ना तुम्हाला?"

"पटलं की, दादा. पर तुमचं चुकलं, तर तुमी दुसऱ्या गावाला जाताल. मला दुसरी पोर न्हाई."



ताप उतरला. कंदुरीला सगळी भावकी जेवली. असा एडका पंचक्रोशीत नव्हता, असं जो तो म्हणत होता. बन्सीधरलाही आग्रहाचं बोलावणं होतं. मनकर्णा बापाच्या मांडीवर बसून रस्सा ओरपत होती. तिच्याकडं बघून कासाबाईचा ऊर भरून आला. स्वतःला मात्र तिनं नुसती भाकरी वाढून घेतली.

दिवस मावळायच्या आत ती मेंढवाड्यात गेली. कोपऱ्यात एक खुरटा एडका उरला होता, मेंढ्यांहूनही बुटका. तिनं त्याच्या पाठीवर हात फिरवला आणि त्याला मेंढ्यांत ढकललं.

"जा, बाबा," ती म्हणाली. "आता तूच थोर."