माझ्यावरची चार बोटं

मित्रांनो, मी एका जुन्या पांढऱ्या गाडीचा पुढचा उजवा दिवा आहे. डावीकडे माझा जुळा भाऊ आहे. एकाच साच्यातून आम्ही दोघे निघालो, तेव्हा इतके नितळ होतो की आतला बल्ब लांबूनही दिसे. लोक आम्हाला काच समजतात. आम्ही काच नाही, कडक प्लॅस्टिक आहोत. सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

नजमुद्दीन मस्कतला नोकरीला असतो. एका सुटीत त्याने ही गाडी घेतली आणि मुरुडला आपल्या घरासमोर, माडांच्या वाडीत उभी केली. परत जाताना बायकोला, हुस्नबानूला, म्हणाला, "गाडीला जप. मी येन तवा अशीच दिसाय हवी." मग माझ्यावरून एकदा हात फिरवून तो गेला. त्याला आता तीन वर्षं झाली.

हुस्नबानूने शब्द पाळला. गाडी चालवायची ती त्यांची मुलगी इनशा, पण पुसायची ती हुस्नबानूच. उन्हाने आणि खाऱ्या वाऱ्याने आम्ही भाऊ पिवळट दिसू लागलो, तेव्हा तिने भांड्यांची राख आणि काथ्याचा बोळा काढला. रोज सकाळी हा मार! भांडी घासली की लखलखतात. मी मात्र चरे पडून पडून धुरकट होत गेलो. मी जितका धुरकट, तितका तिचा जोर जास्त. घासताना माझ्याशी बोलायची, "चमक रे बाबा, त्याला तोंड दाखवायचा हाय."

इतकी माया आणि इतका त्रास एकाच हातून मिळाला, तर तक्रार कुणाकडे करायची? सगळ्यांना रस्ता दाखवणारा मी, पण तिला "घासू नकोस" एवढंसुद्धा सांगता येत नव्हतं. फार वाईट वाटायचं.

यंदा नजमुद्दीनची सुटी ठरली. तो यायला दोन दिवस उरले, तेव्हा इनशा अलिबागहून पॉलिश पेपर आणि फवारायच्या लेपाचा डबा घेऊन आली. तिने आमच्याभोवती कागदी टेप चिकटवली. मग पाणी मारत आधी खरखरीत, नंतर बारीक, शेवटी अगदी मऊ कागदाने आम्हाला घासलं. दुधासारखं पाणी ओघळलं. ते सुकलं आणि मी पार आंधळा दिसू लागलो. हुस्नबानू धावतच आली.

"अगे, काय केलास ह्या! व्हता तो पन घालवलास!"

"अम्मी, दम धर. पयले असाच दिसतो," इनशा म्हणाली.

दम धरायला हुस्नबानूला कुणी शिकवायला नको होतं. तीन वर्षं तिने दुसरं काय केलं होतं? इनशाने पॉलिश लावून कापडाने चोळलं आणि वरून पारदर्शक लेप फवारला. तो लेप नसेल तर काही महिन्यांत आम्ही पुन्हा पिवळे पडतो. लेप चढला आणि आम्ही दोघे नव्यासारखे झालो. हुस्नबानूच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आता उद्यापर्यंत बोट लावायचा न्हाय," इनशाने बजावलं आणि ती आंघोळीला गेली.

हुस्नबानू काठी घेऊन माझ्याशेजारी पहाऱ्याला बसली. कोंबड्या आल्या, त्यांना हाकललं. गुणाजी नारळ काढायला आला, त्यालाही माडावर चढू दिलं नाही. "आज नको. वरून कचरा पडंल." बिचारा दोरी गुंडाळून परत गेला.

इतक्यात फोन वाजला. ती लगबगीने उभी राहिली. "बॅगा भरल्याव?"

पलीकडचा नजमुद्दीनचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. "बानू, सुटी न्हाय गावली. आमचा एक मानूस काम सोडून गेला. सायेब म्हनतो, सा म्हैन्यांनी बघू."

तिचे पाय लटपटले आणि तिने आधारासाठी हात पुढे केला. पुढे मी होतो. नको, अगं नको! पण मला कुठली वाचा? तिची चार बोटं ओल्या लेपात रुतली आणि फोन संपेपर्यंत तिथेच राहिली.

इनशा बाहेर आली तोवर ठसे पक्के बसले होते. आईचा चेहरा पाहून तिने सगळं ओळखलं. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा पॉलिश पेपर भिजवून आली, तेव्हा हुस्नबानूने तिचा हात धरला. "ऱ्हाऊ दे."

आता समोर भिंत आली की माझ्या उजेडात चार पुसट रेघा उमटतात. परवा नजमुद्दीनने व्हिडिओवर गाडी पाहायला मागितली.

"डावा झकास हाय. उजव्याला काय झाला?"

"माझी बोटां हायत," हुस्नबानू म्हणाली. "तुमी या, नी तुमच्या हातानं घासून काढा. तवर मी कुनाला हात लावू द्यायची न्हाय."



मित्रांनो, माझं मागणं थोडंसंच आहे. राख आणि काथ्या भांड्यांसाठी ठेवा. एखादी वस्तू जपायची असेल, तर तिला काय सोसतं ते आधी विचारून घ्या. ओल्या लेपाला हात लावू नका. पण कधी कुणाच्या पायांतलं बळच गेलं आणि शेजारी माझ्याशिवाय कुणी नसलं, तर हे सगळं विसरा आणि खुशाल माझ्यावर हात टेका.