सोल्डरची ज्वारी

"जालन्याचा माणूस गाडी घेऊन तयार हाये," सर्जेरावमामा दारातूनच म्हणाले. "त्याला हो म्हणू का न्हाई, तेवढं बोल."

मामा म्हणजे माझ्या सासूबाईंचे भाऊ आणि आमच्या जयंती मंडळाचे अध्यक्ष. रथावरचं दिव्यांचं अशोकचक्र दर वर्षी जालन्याहून भाड्यानं यायचं. यंदा मामांनी भर बैठकीत छाती ठोकून सांगितलं होतं, चक्र आमची ज्योत्स्ना बनवील. मी बनवलंही. पण सकाळी रथावर जोडताना कुण्या शहाण्यानं वायरी उलट्या लावल्या आणि सर्किटमधली चिप जळाली. चक्र परत घरी आलं. तशी चिप अंबडात मिळत नाही. माझ्याकडे जास्तीची एकच होती, आणि मिरवणूक संध्याकाळी निघणार होती.

"थोडं थांबा," मी म्हणाले.

सोल्डरिंग, म्हणजे धातू वितळवून तारा जोडणं, हा माझा छंद, आणि आत्यांच्या, म्हणजे सासूबाईंच्या मते रोग. "घरात एक चूल हाये, ही दुसरी कशाला?" असं त्या येताजाता म्हणत. आता त्या शेजारी बसून परातीत ज्वारी निवडत होत्या. वाऱ्यानं सोल्डर नीट धरत नाही म्हणून मी पंखा बंद केलेला. एप्रिलच्या उन्हात खोलीची भट्टी झाली होती.

जळकी चिप काढून नवी बसवली होती. आता बोर्ड पालथा करून तिचे पाय जोडायचे. पण पालथा बोर्ड धरायचा कशात? ऑनलाइन मागवलेला चिमट्यांचा स्टँड होता. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. बोर्डाच्या एका अंगाला जड ट्रान्सफॉर्मर. त्या वजनानं चिमट्यांनी मान टाकली, बोर्ड सरकला आणि एका पायाखालची तांब्याची पट्टी उचलली गेली. ती मी बारीक तारेनं कशीबशी सांधली. पुन्हा असं झालं तर सांधायला जागाच उरली नव्हती.

मग नवऱ्याचा लोखंडी शिकंजा काढला. जरा आवळला तर बोर्ड करकरला. घाईघाईनं सैल केला. कपड्यांचे प्लास्टिकचे चिमटे वितळले असते.

"मी धरतो," मामा म्हणाले.

"मामा, तुमचा हात कापतोय."

"हात न्हाई कापत. खिशात फोन वाजून राह्यलाय." त्यांनी फोन काढून पाहिला. "त्योच हाये. आता उचलला तर हो म्हणावं लागंल, पोरी."

चक्राची मला चिंता नव्हती, ते कुठूनही आलं असतं. पण पुढच्या बैठकीत कुणीतरी नक्की म्हणणार होतं, बायांच्या हाती दिलं की हे असंच होतं. आणि मामा खाली मान घालून ऐकणार होते. मला रडू येत होतं आणि त्या रडूचाच राग येत होता.

डोळे पुसायला मान वळवली. बुद्धमूर्तीपुढे उदबत्ती जळत होती, ज्वारीनं भरलेल्या पेल्यात ताठ रोवलेली. आमच्याकडे ती तशीच लावतात.

"आत्या, ती परात द्या."

"निवडलेली हाये. उद्याचं दळण हाये ते."

"द्या ना, आत्या."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि परात सरकवली. मी बोर्ड ज्वारीवर पालथा ठेवून दाबला. ट्रान्सफॉर्मर दाण्यांत खोल गेला, बारके भाग आपापल्या जागी रुतले. बोटानं ढकलून पाहिलं, बोर्ड हलला नाही.

मामांनी फोन वाजू दिला. मी एकेक पाय जोडत गेले. घाम डोळ्यांत उतरला तेव्हा कुणीतरी पदरानं माझं कपाळ टिपलं. मी वर पाहिलं नाही. सोल्डरचे दोन-तीन थेंब दाण्यांत पडले.

चक्र जोडून बटण दाबलं. पहिला आरा पेटला, मग दुसरा, आणि चक्र फिरायला लागलं. मामांनी फोन उचलला. "न्हाई लागत," म्हणाले, आणि चक्र उचलून घेऊन गेले.

परात माझ्यापुढेच होती. दाणा वाया गेला तर आत्या दिवसभर बोलायच्या.

"आत्या, ही खाता येणार नाही आता," मी हळूच म्हणाले. "सोल्डरमध्ये शिसं असतं. टाकावी लागेल."

"टाकायची कशाला?" त्या उठल्या. जुन्या उशीच्या खोळीत सगळी ज्वारी ओतली, तोंड सुतळीनं घट्ट बांधलं आणि माझ्या सोल्डरच्या सामानाशेजारच्या खिळ्याला अडकवली.

"पुढच्या साली लागंल न्हाई का तुला," त्या म्हणाल्या, आणि पंखा लावला.