मेहुण्याच्या हातातला दोर

मोहघळीत उन्हाळ्यात पाण्याचा टिपूस नसायचा. होती ती उभी लाल दरी, तिच्या पोटात कुण्या विसरलेल्या राजाची लेणी, काठावर पंधरा-वीस घरं आणि कड्याला लोंबणारी आग्या मोहोळं. एवढ्या भांडवलावर साक्रीच्या माणकचंद शेठनं एकाहत्तर साली सहली सुरू केल्या. शेठ जैन, मधाचं बोटही जिभेला लावत नसे. पण पाहुण्यांसाठी भरदुपारी माणूस कड्यावर लटकवायला त्याची ना नव्हती.

लटकायचा खाज्या. दोर धरायचा त्याच्या बायकोचा, रेशमाचा भाऊ, तेरसिंग. घळीची रीतच होती, दोर मेहुण्यानंच धरायचा. स्वतःच्या बहिणीचं कुंकू पुसायला कोण धजेल?

खाज्या मोठा पोचलेला. त्यानं दुसरी बाई आणली, रेशमाचा हात मोडून तिला माहेरी हाकललं, पण पंचांपुढे काडी मोडून तिला मोकळं केलं नाही. काडी मोडली तर दोर कोण धरणार? दुसऱ्याच सकाळी निलाजरा तेरसिंगच्या दारात हजर.

"चाल शाला, पाव्हना येल शेतस."

त्याच्या तोंडून ‘शाला’, म्हणजे मेहुणा, ऐकून तेरसिंगच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी तो निघाला. कसाही असला तरी बहिणीचा नवरा होता.

पलीकडच्या काठावर पाहुणे पुऱ्या खात बसले. खाज्या धुराची मशाल घेऊन मोहोळापर्यंत उतरला. तेवढ्यात अलीकडे, दोर धरलेल्या तेरसिंगजवळ रेशमा आली, हात फडक्यात बांधलेला. पंच तमाशा बघायला तिथंच जमले होते. त्यांच्यासमोर तिनं एक वाळकी काडी दातात धरली आणि चांगल्या हातानं मोडली. बाईनं काडी मोडलेली कुणी पाहिली नव्हती. मोडू नये असंही कुणी सांगितलं नव्हतं.

"आतेपाईन हाऊ मन्हा कोनी नही."

आतापासून खाज्या तिचा कुणी नाही, हे ऐकून तेरसिंगला आधी धडकी भरली, मग फार मोकळं वाटलं. तो दरीत ओरडला, "खाज्या, रेशमानी काडी मोडी!"

खालून गयावया सुरू झाली. "रेशमा, तुले घर लई जासू! त्या बाईले काढी देसू!"

तेरसिंगनं बहिणीकडे पाहिलं. ती काठावर ऐसपैस बसली होती.

"बोलू दे त्याले आजून, भाऊ."

खाज्या बोलत राहिला. मशाल विझली, माश्या तोंडावर बसल्या, शब्दांची किंकाळी झाली. मग रेशमा पदर झटकून उठली, आणि तेरसिंगनं मुठी उघडल्या.

शेठ धावत आला. "अरे, दोर सोडलास कसा?"

उत्तर म्हाताऱ्या पंचानं दिलं. "तो त्याना शाला नही आते, शेठ. काबर दोर धरी तो?"