अभ्यासाच्या कक्षेबाहेर

"हं, आता आमचं वाच," फासोआआत्या म्हणाली आणि चटईवर मांडी ठोकून बसली.

सेफिनाच्या हातात निळ्या पुठ्ठ्याचा जाडजूड प्रबंध होता. समोर महिला समितीच्या बायका दाटीवाटीने बसल्या होत्या. आंतरराष्ट्रीय व्यापारातली मोठी पदवी घेऊन ती सुवाच्या विद्यापीठातून सामोआतल्या सावाई बेटावरच्या आपल्या गावी कालच आली होती, आणि सकाळपासून सगळ्यांना एकच घाई होती.

दोन वर्षांपूर्वी याच घरात तिने शब्द दिला होता, "मी तुमच्या खोबरेलावरच लिहिणार. ते न्यूझीलंडला कसं खपवायचं, सगळं त्यात येईल." त्या सुट्टीत बायकांनी कामं बाजूला सारून तिच्या प्रश्नांना उत्तरं दिली होती. व्यापाऱ्याने अख्खी खेप परत धाडली तेव्हा आपण कशा ढसाढसा रडलो, हेही लोसाने लपवलं नव्हतं.

सुवाला परतल्यावर मार्गदर्शक डॉ. हॅलोरन यांनी तिचा आराखडा चाळला आणि बाजूला ठेवला. "गावातल्या मूठभर बायका म्हणजे आंतरराष्ट्रीय व्यापार नव्हे. आकडेवारी कुठंय? त्यापेक्षा डबाबंद माशांची निर्यात घे. आकडे तयार आहेत, वेळेत मोकळी होशील."

सेफिना वाद घालू शकली असती. घातला नाही. खरं तर तिला हायसंच वाटलं होतं. विषय बदलल्याचं घरी कळवायचं आज-उद्या करता करता राहून गेलं. या बायकांच्या वाट्याला प्रबंधात एकच वाक्य उरलं.

"वाच की गं! का आमची लाज वाटते?" लोसा म्हणाली, तशा सगळ्या खिदळल्या.

सेफिनाने पान उघडलं. इंग्रजी ओळींवर बोट ठेवलं आणि सामोअन भाषेत ती बोलू लागली, "या गावच्या स्त्रियांचं खोबरेल उत्तम प्रतीचं आहे. लोसा यांनी सोसलेल्या नुकसानीतून इतरांनी शिकण्यासारखं पुष्कळ आहे..." शब्द आपोआप सुचत गेले. तिचं तिलाच नवल वाटलं.

बायकांनी टाळ्या पिटल्या. लोसाने दोन्ही तळवे गालांवर दाबले. "माझं नाव छापलंय? अगं बाई!" आणि लगेच तिने बाहेर हाक मारली, "ताउसाला, टाक ती भांडी तिथंच, ये लवकर!" ओल्या हातांनी बहीण दारात आली. "सेफिना, परत वाच ना. माझं नाव आहे तिथनं. हिला ऐकू दे."

सेफिनाने पुन्हा त्याच पानावर बोट ठेवलं. "लोसा यांच्या... लोसा यांच्या धैर्यामुळे..."

"तसं नव्हतं," लोसा साधेपणाने म्हणाली. "मघाशी नुकसान म्हणालीस. धैर्य कुठं होतं?"

"ते खालच्या ओळीत आहे."

"मग वरची वाच."

कुणी हसलं नाही. लोसा अजून आशेने पानाकडेच पाहत होती. आत्याला मात्र उमगलं असावं.

"पोरी," ती हळूच म्हणाली, "जे लिहिलंय तेच वाच."

सेफिनाने मान वर केली नाही. "लहान ग्रामीण उत्पादक या अभ्यासाच्या कक्षेबाहेर आहेत."

"आणि पुढं?"

"पुढं माशांचं आहे."

"बाहेर," आत्या स्वतःशीच पुटपुटली.

"मग लोसाचं नाव कुठंय?" ताउसालाने दारातूनच विचारलं. लोसाचे तळवे गालांवरून खाली आले आणि मांडीवर पडून राहिले.

"मी तुमच्यावर वेगळं लिहीन," सेफिना म्हणाली. "खरंच लिहीन, आत्या."

"जेवायची वेळ झाली," आत्या उठली.

नारळाच्या दुधात शिजलेली अळूची पानं आणि भाजलेला मासा आला. नेहमीप्रमाणे वाढायला म्हणून सेफिना उठली, तर आत्याने तिचा खांदा दाबला. "तू बस."

त्या घरात पाहुण्यांची पानं आधी व्हायची. घरच्या बायका मागाहून जेवायच्या. घराच्या दर्शनी बाजूला नवी चटई अंथरली गेली. तिच्या एकटीपुरती. लोसाने ताट आणून नजर खाली ठेवून तिच्यापुढे मांडलं.

"आपण सुरुवात करावी," ती म्हणाली.

आणि शेजारी बसून, सेफिनाचं जेवण होईपर्यंत, हातातल्या झावळीच्या पंख्याने ताटावरच्या माश्या वारत राहिली.