लांबत गेलेलं अंगण

उमेदवार सुपडू बागुल गांजाच्या प्रश्नावर "बघू" म्हणाला आणि समोरचं अंगण हातभर लांबलं. उंबऱ्यात आरतीचं ताट घेऊन उभ्या असलेल्या बाईनं आपले हात तेवढेच लांब केले, त्याला ओवाळलं, कुंकू लावलं आणि हात पुन्हा आत घेतले. कुणाला नवल वाटलं नाही.

सातपुड्याच्या त्या पायथ्याला मक्याच्या ओळींआड गांजा पिके. लोक दारोदार एकच विचारत, "निवडून आलात तर कायद्यानं मोकळा करणार का?" सुपडू वरच्या पाड्यांत मान डोलवी, खालच्या बाजारगावांत कानाला हात लावी. अंगणं दोन्हीकडची लांबत गेली.

"आप्पा, कोपर दुखायला लागलं ना माझं!" एक म्हातारी लांबूनच ओरडली. "हो म्हणा नाहीतर नको म्हणा. निदान चहा तरी गरम पोचेल!"

त्याचा प्रचार सांभाळणारा भिकन जीपमध्ये म्हणाला, "उत्तर देऊ नका, आप्पा. उत्तर दिलं की अर्धं गाव जातं."

"आणि नाही दिलं तर?"

"अंगण जातं. अंगणाला कुठं मत असतं?"

शेवटचं घर यमुनाचं, धाकट्या बहिणीचं. तिचा नवरा ढगा मक्यातल्या झाडांपायी होळीपासून तुरुंगात होता. भाऊबीजेला तिनं एवढंच मागितलं होतं, की भाऊ, ओवाळणी नको. हा कायदा बदलला पाहिजे असं चारचौघांत उघड बोल. तो हो म्हणाला होता.

आज तिनं दाराशी पाट मांडला होता. सडा अजून ओला होता.

"ये, बस," ती म्हणाली. "पण आधी बोल."

मागं भिकन खोकला.

"समिती नेमू, यमे," सुपडू म्हणाला.

अंगण लांबलं. तुळस लांब गेली, मग पाट, मग यमुना.

"हात लांब कर ना जरा."

"माझे होत नाहीत, भाऊ."

तो चालायला लागला. उन्हानं जमीन भाजत होती. "तसा माझा विरोध नाही," तो चालता चालता म्हणाला, आणि घर काडेपेटीएवढं झालं. "सगळ्यांना विचारून ठरवू," म्हणाला, आणि मागची जीपही दिसेनाशी झाली. आता इथं ना पाडा होता, ना बाजारगाव. ऐकायला कुणीच नव्हतं. तेव्हा त्याच्या घशातून ते आपसूक बाहेर आलं.

"बदलला पाहिजे! यमे, हा कायदा बदलला पाहिजे!"

अंगण थांबलं. मागं मात्र आलं नाही.

"काय म्हणालास?" तिचा आवाज धाग्यासारखा बारीक होऊन पोचला.

"बदलला पाहिजे!"

"ऐकू येत नाही रे!"

तो पुन्हा ओरडला, पुन्हा ओरडला. ती कानाशी हात धरून उभी राहिली. मग हात खाली आला, आणि दळताना गुणगुणावं तसं काहीतरी वाऱ्यावर आलं:

पाट मांडिला अंगणी, भाऊ उन्हात थांबला,
एक विचारिलं बाई, शब्द ओठात आंबला.

इकडं दाराशी ताटातली वात विझायला आली होती. यमुनानं पदर सावरला आणि रिकाम्या पाटाला ओवाळायला लागली. कुंकवाचं बोट तिनं हवेत पुढं केलं. ते कशाला तरी टेकलं.

कुणी बसावं तसा पाट करकरला.