आरशातलं पिवळं

आरशाच्या मधोमध एक थेंब बसला होता. हँडलच्या उजव्या टोकाला लावलेला तळहाताएवढा गोल आरसा; सकाळपासून त्याच्यावर पाऊस पडत होता, बाकीचे थेंब येत होते, ओघळून जात होते, पण हा एक मात्र आगंतुक पाहुण्यासारखा ठाण मांडून बसला होता — आणि त्याच्या पलीकडे, पाण्यात विरघळल्यासारखा, एक पिवळा ठिपका हलत होता. आहे. येतेय ती. त्याने पुन्हा समोर पाहिलं आणि पेडल मारत राहिला.

मान वळवून बघायचा प्रश्नच नव्हता. ओल्या रस्त्यावर मान वळली की खांदा वळतो, खांदा वळला की हँडल वळतं, आणि मग माणूस आपला गटारात. मागचं बघायला आरसा असतो. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत, शिकणाऱ्याच्या शेजारी बसून, स्वतःच्या पायाखाली वेगळा ब्रेक घेऊन, उभा जन्म त्याने हेच सांगितलं होतं — आरसा बघा, आरसा! रिटायर झाला, गाडी सुटली, पण पाय अजून ब्रेक शोधायचा. जेवताना बायको काही मनातलं बोलायला लागली की टेबलाखाली उजवा पाय आपोआप दाबला जायचा. तिला ते कळायचं. ‘दाबलात का ब्रेक?’ म्हणायची आणि हसायची. मग नुसतं म्हणायची, हसायची नाही. मग म्हणणंही थांबलं, आणि त्याला वाटलं, चला, सवय झाली तिला.

दोघं मिळून काहीतरी करू या, असं तीच म्हणाली होती. तिच्या मनात एखादा सिनेमा असेल, नाहीतर संध्याकाळी बागेत एक चक्कर. त्याने नकाशा आणला. समुद्रापर्यंत सायकलने! ती बघतच राहिली, आणि मग — काय मनात आलं असेल तिच्या? — मशीनवर बसली आणि पिवळ्याधमक ताडपत्री कापडाचा स्वतःला रेनकोट शिवला. लोकांचे कपडे शिवून घर चालवायला हातभार लावलेली बाई; चिंधी वाया घालवणारी नव्हे. उरलेल्या कापडात तिने त्याच्या सायकलच्या मागच्या बॅगांना टोप्या शिवल्या, काठाला इलॅस्टिक घालून. रोज सकाळी निघताना त्या टोप्या तीच ओढून बसवायची, बाळाला कानटोपी घालावी तशी.

‘खड्डा!’ तो ओरडला, आणि डावा हात पाठीमागे नेऊन बोटाने खाली खूण केली. पुढच्याने मागच्याला खड्डा दाखवायचा, हा त्याने पहिल्या दिवशी घातलेला नियम. मागून ‘हो’ यायला हवं. पावसात कुठलं ऐकू येणार... आणि तशीही कालपासून ती ‘हो’ म्हणत नव्हतीच.

काल ती पडली. डांबर संपून चिखल लागतो तिथे चाक घसरलं, आणि ह्याला पत्ताच नाही. आरशावर वाफ धरली होती, हा आपला नाकासमोर चालला. बऱ्याच वेळाने परत आला तेव्हा ती मैलाच्या दगडावर बसली होती, कोपर सोललेलं, मांडीवर हात ठेवून, बसची वाट बघणाऱ्या बाईसारखी शांत. आणि तो काय म्हणाला? लागलं का, हे नाही. ‘कडेला चाक नेलंसच कशाला?’ — हे म्हणाला. तोंडातून गेलं. शिकाऊ लोकांना म्हणायचा तेच, त्याच आवाजात. तिने त्याच्याकडे बघितलं... ओरडली असती तर बरं झालं असतं.

आज सकाळी लॉजच्या खोलीत, पंख्याखाली वाळत घालूनही न वाळलेले मोजे ओढताना, ती म्हणाली, ‘पुढच्या गावात बस स्टँड आहे. मी तिथून घरी जाते.’

‘पावसात सायकल टपावर टाकू देत नाहीत ते.’

ती खरंच हसली तेव्हा, कितीतरी महिन्यांनी. ‘अहो, बायको जाते म्हणाली तरी तुम्हाला सायकलची काळजी! इतके दिवस मागून येतेय, तुमची पाठ अगदी तोंडपाठ झालीय मला. तोंड मात्र आठवावं लागतं.’

‘म्हणजे घरी... नुसतं घरी ना?’

‘आधी घरी. मग बहिणीकडे. मग बघू.’ आणि दाराशी वळून, ‘टोपी तेवढी नीट ओढून घ्या. इलॅस्टिक ढिलं पडलंय.’

एवढंच. तिने ती ओढली नाही, नुसतं सांगितलं. त्यानेही ओढली नाही. त्याला तेव्हा ‘मग बघू’ ह्या दोन शब्दांचं काय करायचं ते कळत नव्हतं.

गाव आलं तेव्हा त्याने डोकं चालवलं. आपण थांबलो की ती थांबेल, उतरेल, तिकीट काढेल. आपण थांबलोच नाही तर? माणसाला थांबायला निमित्त लागतं, ते द्यायचंच नाही. बस स्टँडचं पत्र्याचं छप्पर दिसलं, खाली छत्र्यांची गर्दी, एक बस घुरघुरत उभी — आणि हा पठ्ठ्या मान खाली घालून सरळ निघाला, जणू दुसऱ्याचीच सायकल पळवतोय. कोणीतरी हाक मारल्यासारखं वाटलं. नसेल. गाव संपलं, उतार लागला, वारा अंगावर आला, आणि मागे अगदी जवळ कापड फडफडलं. त्याने आरशात बघितलं. पिवळा ठिपका! आली! अगं, आलीस तू!

मग त्याला पाऊस-चिखल सगळं हलकं वाटलं. चढावर धाप लागली तरी तो बोलायला लागला, मोठ्याने, आरशाकडे बघून. तिच्या तोंडाकडे बघून बोलायला त्याला आयुष्यात जमलं नव्हतं, हे असं जमत होतं. हे बघ, मी काय म्हणतो... काल चुकलंच माझं. आधी तुला उचलायला हवं होतं. आणि कालचंच कशाला, तू बोलायला लागलीस की मला भीती वाटते गं, खरंच वाटते, वाटतं ही आता काहीतरी मागेल आणि ते माझ्याकडे नसेल. म्हणून पाय दाबतो मी. समुद्र राहू दे. पुढे कुठे टपरी दिसली की थांबू, चहा घेऊ, तू म्हणशील तिथून परत फिरू. मी मागे राहीन. तू दाखव खड्डे... ठिपका हलला. ऐकलं वाटतं. त्याचे डोळे भरून आले आणि पावसात ते कोणाला दिसायचं कारण नव्हतं.

रेल्वेचं फाटक बंद होतं. तो एक पाय टेकून उभा राहिला, चष्म्यावरून पाणी निथळत. शेजारी ट्रक येऊन थांबला. ड्रायव्हरने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

‘काका, मागे ते पिवळं लोंबतंय बघा. चाकात गेलं तर कपाळमोक्ष होईल.’

सायकल उभी होती. आता मान वळवायला हरकत नव्हती. बॅगेची टोपी एका कोपऱ्यावर लटकत होती, वाऱ्याने फुगत होती, बसत होती. शेजारी ट्रक. ट्रकच्या मागे रस्ता, चढापर्यंत स्वच्छ दिसणारा, आणि त्याच्यावर पाऊस.

मागून येणारी वस्तू आरशात लहान होते, मोठी होते. हे तर पहिल्या दिवसाचं शिक्षण. हा ठिपका लहान झाला नव्हता, मोठा झाला नव्हता, चढावर मागे पडला नव्हता, आणि ह्याला, आरशाच्या मास्तरला, ते खटकलं नव्हतं. उलट बरं वाटलं होतं. आहे ना पिवळं, मग झालं! घरातही असंच होतं की... आत मशीनचा आवाज येतोय, म्हणजे आहे ती. टोपी कधी सुटली, गावाआधी की गावात? ती हाक... छपराखाली पाय टेकून ती उभी असेल, निदान निरोप घ्यायला तरी हा थांबेल म्हणून. आणि तिला काय दिसलं असेल? पाठच. दुसरं काय.

‘एकटेच का?’ ड्रायव्हरने विचारलं.

‘नाही,’ तो म्हणाला. ‘बायको आहे. मागून येतेय.’

ड्रायव्हरने आपल्या आरशात बघितलं. आगगाडी धडधडत गेली, फाटक वर झालं. ‘मग थांबताय?’

‘हो.’

ट्रक गेला. त्याने सायकल कडेला घेतली आणि उलटी फिरवून उभी केली, आल्या वाटेकडे तोंड करून. टोपी काढून हातात धरली. आतल्या बाजूने दुहेरी शिवण होती, दोरा घट्ट, एक टाका चुकलेला नाही. ढिलं पडलं होतं ते फक्त इलॅस्टिक. बस तर केव्हाच निघून गेली असेल, ती येणार नाही, हे त्याला लख्ख कळत होतं; फोन करावा तर काय म्हणायचं, ते मघाशी सगळं म्हणून झालं होतं, ताडपत्रीच्या तुकड्याला. थांबायचं कसं असतं तेही त्याला नीट येत नव्हतं. हात कुठे ठेवायचे, किती वेळ बघायचं. उजवा पाय चिखलात दाबला जात होता, तो त्याने दाबू दिला. आरशात आता समुद्राकडचा रस्ता दिसत होता. तिकडे त्याने पाहिलं नाही.